एकशे बारावं पान

कुसगाव
११ ऑगस्ट २०२४

चि. रुपालीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू फोन केला होतास तेही कळलं, पण फोन लावला की माझं कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि मला तुझ्या 'हॅलो'पलीकडे काही समजत नाही. तेव्हा पुस्तकांचं आपण कागदावरच बोलू. तू डिप्लोमाला हॉस्टेलवर असताना बोलायचो तसंच.

आधी वाचलेल्याचं. लोणावळ्याच्या लायब्ररीतून दोन कादंबऱ्या आणल्या. एक ती मोठ्या बक्षिसाची, तू सांगितली होतीस ती. पहिल्या शंभर पानांत माणसं नुसती खिडकीतून बाहेर बघतात. मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, खिडकीतून बाहेर बघायला कुणाला किती वेळ असतो ते मला ठाऊक आहे. पुढे काहीतरी होईल म्हणून धीर धरला. चारशे पानांनंतर नायक पुन्हा खिडकीत. बक्षिसाच्या नावावर भुलून अकरा दिवस घातले, याचा राग स्वतःवरच काढला आणि त्या दिवशी भाजी खारट केली.

दुसरी खुनाची. लायब्ररीच्या बाईंनीच हातात कोंबली. दुपार जाईल म्हणून घेतली. तर त्यात खून झालेल्या मुलाची आई चौकशीला आलेल्या पोलिसांना चहा देते. घरात माणसं चार, आणि ती कप पाच भरते. सवयीने, मुलाचा धरून. खुनी कोण निघाला ते मला आज आठवत नाही, पण तो पाचवा कप काही डोक्यातून जात नाही. ज्याच्याकडून काही मागितलं नव्हतं त्याने दिलं, आणि ज्याच्याकडून मागितलं त्याने खिडकी दाखवली.

आता तुझ्या कादंबरीचं. प्रकाशकांनी होकार दिला हे वाचून फार आनंद झाला. आज दादा असता तर त्याने वस्तीभर पेढे वाटले असते. तू लिहितेस की नायिका जवळजवळ मीच आहे आणि छापायच्या आधी मी वाचावी. पण माझ्या डोळ्यांना सध्या त्रास आहे, बारीक अक्षर लागत नाही. प्रत पाठवू नकोस. छापून आली की सावकाश बघू.

तुझी आत्या,
हिरा

*

तळेगाव दाभाडे
१७ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

अकरा दिवसांत चारशे पानं आणि वर एक खून वाचणाऱ्या बाईचे डोळे दुखतात, हे मला पटलेलं नाही.

तू का टाळतेस याचा मला अंदाज आहे. जुनं दुखणं कुणी कशाला उकरावं, असंच ना? नवलाख उंबरे गावातल्या त्या घरात तुझा नवरा तुला मारायचा, हे मी आठ वर्षांची असल्यापासून ऐकत आले. आई भांडी घासताना सांगायची, बाबा ऐकून उठून जायचे. माझ्यासाठी तू कायम तीच बाई आहेस, जी आठ महिने सोसून एक दिवस उठून आली आणि नर्स झाली. आमच्या घरातली पहिली नोकरीवाली बाई. तिचं पुस्तक लिहायचं होतं. दोन वर्षं पहाटे साडेचारला उठून, सात वाजता कंपनीची बस यायच्या आत, लिहिलं.

एक गोष्ट मात्र लिहिताना मी बदलली. कोणती, ते सांगत नाही. वाचून तू रागावशील अशी धाकधूक आहे, आणि म्हणूनच ती छापायच्या आधी तुझ्या नजरेखालून जायला हवी. तपासायची मुद्रितं तीस सप्टेंबरपर्यंत परत द्यायची आहेत. तुझे जावई, सुहास, रविवारी कामासाठी लोणावळ्याला येतायत. त्यांच्याबरोबर गठ्ठा पाठवते. अक्षर मोठं करून छापून घेतलंय, तेव्हा डोळ्यांचं कारण चालणार नाही.

तुझी,
रुपाली

*

कुसगाव
२६ ऑगस्ट २०२४

चि. रुपालीस,
आशीर्वाद.

सुहासराव येऊन गेले. चहा घेतला, जेवायला थांबले नाहीत. गठ्ठा मिळाला. तो कपाटावर ठेवलाय. उघडलेला नाही.

त्याऐवजी दुसरं वाचलं. वीस वर्षांपूर्वी गाजलेली एक कादंबरी आहे, तू शाळेत असताना सगळ्या बायका वाचत होत्या ती. नवरा बायकोला मारतो. पहिल्या प्रकरणात मारतो, दुसऱ्यात मारतो, आणि मारण्याचं वर्णन इतकं रंगवून केलंय की लेखकाला त्यातच गोडी लागली असावी असं वाटतं. बाईला मार खाण्यापलीकडे काही कामच दिलेलं नाही. तिला काय आवडतं, ती हसते कशाला, काही नाही. एकशे साठाव्या पानावर मी पुस्तक मिटलं. असल्या पुस्तकांवर मी एकेकाळी रडले होते. आता नुसता संताप आला.

रुपाली, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. आज मागते. ही कादंबरी छापू नकोस. किंवा छापायचीच तर ते लग्न त्यातून काढून टाक. गावाचं नाव काढ. नवऱ्याचं सगळंच काढ. नुसती नर्सची गोष्ट ठेव, त्यात सांगण्यासारखं पुष्कळ आहे, हवं तर मी आठवून लिहून पाठवते.

कारण विचारू नकोस.

आत्या

*

तळेगाव दाभाडे
३० ऑगस्ट २०२४

आत्या,

कारण विचारणार. न उघडलेल्या पुस्तकाला तू नको म्हणतेस. खिडकीवाल्या नायकाला तू चारशे पानं दिलीस आणि मला एक पान दिलं नाहीस.

नवऱ्याचं सगळं काढलं तर पुस्तकात उरतं काय? आणि काढायचं कुणासाठी? त्या माणसासाठी? सेहेचाळीस वर्षं झाली, अजून तू त्याला सांभाळून घेतेस. मी हे सुहासला सांगितलं तर तो म्हणाला, मार खाल्लेल्या बायकांना अशी सवय लागते. मला ते ऐकवलं नाही.

मला खरं कारण कळव. ते पटलं तर मी स्वतः पुण्याला प्रकाशकांकडे जाऊन हस्तलिखित परत घेऊन येईन.

रुपाली

*

कुसगाव
५ सप्टेंबर २०२४

चि. रुपालीस,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. सुहासरावांचं वाक्य वाचून ठरवलं की आता लिहायचंच.

भिमाजींनी मला कधी मारलं नाही. एकदाही नाही. आवाजसुद्धा चढवला नाही.

१९७८ची गोष्ट. लग्नाआधी मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला अर्ज केला होता. निवड झाल्याचं पत्र आलं ते लग्नानंतर. सासूबाई म्हणाल्या, सून दुसऱ्यांची बाळंतपणं करत फिरली तर घरात कोण बघायचं. भिमाजी म्हणाले, आईशी बोलतो. मी रोज विचारायची. ते रोज म्हणायचे, आज बोलतो. चांगला माणूस होता, पण आईसमोर उभं राहिलं की त्यांच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. पुण्याला हजर व्हायची तारीख आठवड्यावर आली आणि मी माहेरी निघून आले.

माझ्या दंडावर तेव्हा काळानिळा डाग होता. विहिरीच्या पायरीवर घागर घेऊन पडले होते, त्याचा. आबांची, तुझ्या आजोबांची, नजर त्यावर गेली. त्यांनी विचारलं, "मारतो काय गं तुला?" मी पदर दंडावर ओढला. मग ते म्हणाले, "मारत न्हाई तर उद्या सकाळी तुला पोचवून येतो. मारत असंल तर हितनं हलायचं न्हाई."

त्यांनी माझ्यासमोर एवढ्या दोनच वाटा ठेवल्या. शिकायचंय म्हणून आले, ही तिसरी वाट त्यांना दिसलीच नसती. मी मान हलवली. होय म्हणून. तोंडाने एक शब्द बोलले नाही.

आबा चार माणसं घेऊन नवलाख उंबऱ्याला गेले. समाजमंदिरासमोर बैठक बसली. सगळ्यांदेखत भिमाजींना विचारलं. ते खाली मान घालून बसले, होय म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. लोकांनी त्याचा अर्थ काढला. मी त्याच आठवड्यात पुण्याला गेले.

ट्रेनिंग झालं की सांगू म्हटलं. मग नोकरी पक्की झाली की सांगू. मग आबा गेल्यावर सांगू. आबा गेले, दादाही गेला, आणि तोवर ते खोटं आपल्या घरात इतकं मुरलं की तुझी आई ते लेकराला सांगू लागली. भिमाजींचं दुसरं लग्न सहा वर्षं जमत नव्हतं. मुलीकडची माणसं यायची, गावात चौकशी करायची, परत जायची. हे मला माझ्याच दवाखान्यात आलेल्या एका बाईने सांगितलं. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. मी तिचं ब्लडप्रेशर घेत होते. माझा तो आकडा दोनदा चुकला.

ते आता सत्तरीचे आहेत. त्यांची नातवंडं शिकतायत, वाचतात. तू नावं बदलली असशील, पण त्या गावातून आठ महिन्यांत नवरा सोडून नर्स झालेली बाई एकच आहे. मी मान हलवून जे केलं ते आता पुस्तकात छापून येणार, तेही तुझ्या हातून, म्हणून मी गठ्ठ्याला हात लावत नव्हते.

हे वाचून तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर मी समजून घेईन.

हिरा

*

तळेगाव दाभाडे
१६ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

उत्तराला उशीर झाला. पहिले दोन-तीन दिवस मला तुझा रागच आला होता, खोटं सांगत नाही. मागच्या वर्षी एका लग्नात भिमाजी माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले होते. "कुणाची गं तू, बाळ?" असं विचारलं. मी कोण ते सांगितलं नाही. उठले आणि लांब जाऊन बसले. ते सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

मग चौथ्या दिवशी, कंपनीच्या बसमध्ये, मला एकदम हसू आलं. शेजारची मुलगी बघायला लागली. आत्या, तू अजून गठ्ठा उघडला नाहीस ना? आता उघड. एकशे बारावं पान काढ.

त्या पानावर तो तिच्यावर हात उचलतो, असा प्रसंग मी लिहायला घेतला होता. चार वेळा लिहिला. चारही वेळा खोटा वाटला. कारण आधीच्या शंभर पानांत तो माणूस मी वेगळाच लिहून बसले होते. चहात साखर विरघळली का ते बघून कप पुढे करणारा, बैल पाणी पिईपर्यंत त्याच्याशी बोलत उभा राहणारा. हे सगळं मला तूच कधी ना कधी बोलता बोलता सांगितलं होतंस. तू त्यांच्याबद्दल एकही वाईट गोष्ट कधी सांगितली नव्हतीस, हे मला लिहायला बसल्यावर कळलं. आमच्या कंपनीत एखादा पार्ट मापात बसत नसेल तर हातोडीने ठोकून बसवत नाहीत, बाजूला काढतात. मीही तो प्रसंग बाजूला काढला.

माझ्या कादंबरीतला नवरा मारत नाही. तो भला आहे आणि आईपुढे मुका आहे, आणि ती तेवढ्यासाठी त्याला सोडून जाते. प्रकाशकांकडच्या संपादक बाई म्हणाल्या, मारत नाही तर ती जाते कशाला, वाचक विचारतील. मी म्हटलं, विचारू देत.

ही ती बदललेली गोष्ट. माझी भीती अशी होती की तू वाचशील आणि म्हणशील, पोरीने माझं सोसणंच काढून घेतलं, मारणाऱ्या माणसाला देवमाणूस केलं. तू तिकडे घाबरून बसलीस, मी इकडे.

पुस्तक मी थांबवत नाही. आता थांबवायचं कारण उरलं नाही. पण एक सांगते, लहान असून. पुस्तकात खरं आलं म्हणून तुझं काम झालं असं नाही. भिमाजी नवलाख उंबऱ्यातच राहतात, आमच्या कंपनीपासून दहा मिनिटांवर.

तुझी,
रुपाली

*

कुसगाव
२५ सप्टेंबर २०२४

चि. रुपालीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

गठ्ठा तुझं पत्र आलं त्याच दिवशी उघडला. एकशे बारावं पान आधी वाचलं, मग पहिल्यापासून सगळं. दोन दिवसांत संपवलं. डोळ्यांना काही झालं नाही.

तू आधीच सांगितलं होतंस, तरी वाचताना पहिली पन्नास पानं मी पुढच्या ओळीवर हात ठेवून वाचत होते. आता उचलेल, आता उचलेल. त्याने उचललाच नाही. पुस्तकांनी मला पुष्कळदा फसवलंय, पण माझा अंदाज खोटा ठरल्याचं एवढं सुख कधी मिळालं नव्हतं. शेवटी मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. छातीवरून काहीतरी उतरलं होतं. आणि तुला चांगलं लिहिता येतं, हे वेगळंच.

सोमवारी नवलाख उंबऱ्याला गेले. लोणावळ्याहून गाडीने तळेगाव, पुढे सहा आसनी रिक्षा. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू बरोबर आली असतीस.

भिमाजी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. केस सगळे गेले आहेत. मला बघून म्हणाले, "हिराबाई न्हवं का तुमी?" आतून त्यांच्या बायकोने, रतनबाईंनी, पाणी आणून दिलं. मी वाटेत काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. सगळं विसरले. म्हटलं, "तुम्ही मला मारत होता असं मी आबांना सांगितलं होतं. ते खोटं होतं."

ते म्हणाले, "मला ठावं हाय की. मीच न्हवतो का तितं?"

रतनबाई हसल्या. मला हसता येईना. मी विचारलं, मग त्या दिवशी बैठकीत तुम्ही 'नाही' असं का म्हणाला नाहीत?

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "न्हाई म्हणलो असतो तर तुमाला परत हितं धाडलं असतं. मग पुन्यांदा तेच. आई एकीकडं, तुमी एकीकडं, मदी मी. गप बसलो. तुमी सुटला, मी बी सुटलो." मग म्हणाले, "पर त्ये लय दिस पुरलं. आई मरायच्या आदी मला म्हणली, खरं सांग रं, तू मारत हुतास का तिला? सोताच्या आईनं इचारलं."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"व्हय," ते म्हणाले. "चुकलं तुमचं."

रुपाली, ते ऐकून मला काय वाटलं ते कसं सांगू. ते 'जाऊ द्या, झालं गेलं' म्हणाले असते तर मी तेच ओझं घेऊन घरी आले असते. त्यांनी ते माझ्याकडून मोजून घेतलं आणि खाली ठेवलं. मग रतनबाई म्हणाल्या, "माझ्या बापानं मला सांगितलं हुतं, ह्यो मारतो म्हनत्यात, जपून ऱ्हा. चाळीस वर्सं जपून ऱ्हायले. अजून काय हात उचलंना बाबा." यावर आम्ही तिघंही हसलो.

त्यांनी मागितलं ते एकच. थोरला मुलगा कंपनीतली पाळी संपवून येईपर्यंत थांबा आणि त्याला हे तुमच्या तोंडाने सांगा. मी थांबले. अडीचला तो आला, कंपनीचा शर्ट, हातात डबा. दारातच उभा राहून त्याने सगळं ऐकलं. बापाकडे बघितलं, चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसून शेंगा फोडायला लागला. लहानपणी शाळेत पोरांनी त्याला बापावरून चिडवलं होतं, हे मला रतनबाईंनी निघताना सांगितलं. ते मला ठाऊक नव्हतं. तेही आता माझ्या नावावर.

मी एकशे बारावं पान बरोबर नेलं होतं, ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, "गडी लय शाना दावलाय. एवढा न्हवतो मी. पर ऱ्हाऊ द्या." गावाचं नाव ठेवलं तरी चालेल म्हणाले.

आता माझं वाचकाचं काम. तुझ्या कादंबरीतल्या सासूला बोलायला अजून चार वाक्यं दे. तिचंही काही खरं होतं, एकुलता एक मुलगा आणि घरात दुसरी बाई नाही. दवाखान्याची प्रकरणं थोडी लांबली आहेत. इंजेक्शनच्या सुया उकळण्याचं दोनदा आलंय, एकदा पुरे. नायिका धीट फार आहे. मी तशी नव्हते, हे आता तुला ठाऊक आहे. तिच्याकडून एखादं खोटं घडू दे. मोठी होईल, लहान होणार नाही.

आणि एक दुरुस्ती मात्र केलीच पाहिजे. ती घर सोडते त्या प्रसंगात तू तिला डोळे पुसत, मागे वळून बघत जाताना दाखवलंयस. लोकांना ते आवडेल. पण तसं झालं नव्हतं. सकाळचे दहा वाजले होते, स्वच्छ ऊन होतं, आणि तळेगावच्या रस्त्याला लागल्यावर मी जवळजवळ पळत होते. रडू नाही आलं. गाणं म्हणावंसं वाटत होतं.

तेवढं बदल आणि छापायला दे.

तुझी आत्या,
हिरा